धूम्रपान सोडावे कसे?

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे, अशी पाटी आपल्या महाविद्यालयाच्या फाटकाजवळ आहे. समोरची टपरी या शंभर यार्डांत येते की नाही, यावर आमच्या वर्गात दोन पक्ष आहेत. तो वाद त्यांच्यावर सोपवून मी वेगळ्याच प्रश्नाकडे वळतो. सिगारेट वाईट, हे टपरीवर उभा असलेला प्रत्येक जण जाणतो. पाकिटावरचे भीषण चित्र बघत बघतच तो ती पेटवतो. ती सोडायची कशी, हे मात्र त्याला कोणी नीट सांगत नाही. ‘मनाचा निश्चय हवा’ एवढे बोलून वडीलधारी मंडळी मोकळी होतात.

माझ्या मते या व्यसनाला दोन मुळे आहेत. एक शरीरात आणि दुसरे दिनक्रमात. निश्चय करणारा माणूस बहुधा पहिल्याशीच झुंजतो, दुसऱ्याकडे त्याचे लक्षच जात नाही.

पहिले मूळ निकोटिनचे. धूर आत घेतल्यावर ते दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचते. रक्तातील त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्मे होते, की पुन्हा तलफ येते. ती भागली की जी स्वस्थता वाटते तिला आपण ‘टेन्शन गेले’ म्हणतो. वस्तुतः ते टेन्शन बरेचसे आधीच्या सिगारेटनेच निर्माण केलेले असते. सोडल्यावर चिडचिड होते, झोप उडते, भूक वाढते, वाचनात लक्ष लागत नाही. पहिले काही दिवस हा त्रास सर्वांत तीव्र असतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतो. तेव्हा परीक्षेच्या तोंडावर हा मुहूर्त धरू नये, हे उघड आहे.

दुसरे मूळ पाव्हलॉव्हच्या कुत्र्याने शिकवले. अन्नाबरोबर ठरावीक आवाज वारंवार ऐकला, की पुढे नुसत्या आवाजानेही लाळ सुटते. आपल्याकडे हा आवाज म्हणजे कटिंग चहाची हाक!

हे मी पुस्तकात वाचले होते, पण पटले ते घरी. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, यंत्रमाग कामगार. तीस वर्षे विडी ओढली. गेल्या वर्षी जिना चढताना दम लागू लागला. डॉक्टरांनी सांगितले, श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत. झालेली हानी भरून येणार नाही, विडी सुटली तर पुढची हानी मात्र मंदावेल. ‘विडी पानाची, सिगारेटपेक्षा बरी’ हा आण्णांचा जुना सिद्धान्त. तो खोटा आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा खेळत नाही, विडी विझू नये म्हणून झुरके जास्त घ्यावे लागतात आणि विषारी वायूही जास्त जातो.

मी त्यांना चाळीस पानी वही दिली. आठ दिवस काही सोडायचे नाही; फक्त प्रत्येक विडीची वेळ आणि निमित्त लिहायचे. दिवसाला बावीस विड्या भरल्या. त्यांतील चौदा रोज त्याच जागी, त्याच वेळी: पाळीपूर्वी, चहानंतर, जेवणानंतर, आणि (लिहायला आण्णा लाजले) सकाळी शौचाला जाण्यापूर्वी. मग आम्ही विडीआधी त्या जागा मोडल्या. चहा टपरीऐवजी खात्यात बसून. जेवण झाले की लगेच बडीशेप आणि एक फेरी. सकाळी विडीऐवजी तांब्याभर कोमट पाणी. तलफ आली की घड्याळ पाहायचे. ती सहसा काही मिनिटांत उतरते. त्यानंतर एक तारीख ठरवून विडी पूर्ण बंद केली.

‘हळूहळू कमी करतो’ म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. दुसरा सापळा आपल्या मुलखाचा: सिगारेट सोडून तंबाखू-चुना मळणे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे सुमारे चार टक्के, तर तंबाखू खाणारे चोवीस टक्के आढळले. धूर गेला आणि तोंडाचा कर्करोग दारात आणून बसवला, असे व्हायला नको.

शरीराची तलफ फार असेल तर निकोटिनचा च्युइंगम मिळतो. तो साध्या च्युइंगमसारखा चघळत राहू नये. झणझणीत चव आली की गाल व हिरडीच्या मध्ये ठेवावा, चव गेली की पुन्हा चावावा. आधी पंधरा मिनिटे आणि तोंडात असताना चहा-कॉफी घेऊ नये, नाहीतर निकोटिन नीट शोषले जात नाही. हृदयरोग असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. २०१६ पासून सरकारची मोफत दूरध्वनी सेवाही आहे: १८००-११-२३५६.

एकोणिसाव्या दिवशी एका लग्नात आण्णांनी विडी ओढली आणि ‘संपलं सगळं’ म्हणून वही फेकली. मी ती उचलून त्याच पानावर वेळ आणि निमित्त लिहून घेतले. निमित्त होते ‘व्याह्यांनी पुढे केली’. तेव्हापासून समारंभात ते खिशात लवंगा ठेवतात. आज चौथा महिना चालू आहे. दम अजून लागतो. रात्रीचा खोकला मात्र बराच कमी झाला आहे.

वसतिगृहात कोणाला वही सुरू करायची असल्यास माझ्याकडे कोऱ्या सहा आहेत.