आधी माणूस मोजा, मग यंत्र निवडा

आजी-आजोबांसाठी लॅपटॉप घ्यायचा ठरला की घरात सर्वांना तुमची आठवण होते. “तुला त्यातले कळते, तूच सांग कोणता घ्यायचा,” असे म्हणून मोठी माणसे मोकळी होतात. मग तुम्ही काय करता? प्रोसेसर कोणता, मेमरी किती, किंमत किती, असे आकडे शेजारी शेजारी मांडता. आकडे मांडणे चांगलेच. पण या तक्त्यात एक रकाना हमखास राहून जातो. तो म्हणजे आजीचा!

ही चूक मीही केलेली आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या मावशीसाठी मी एक लॅपटॉप आणला. मावशी तेव्हा ७२ वर्षांची होती. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. मुलीशी पडद्यावर समोरासमोर बोलावे, वर्तमानपत्र वाचावे आणि जमले तर चार पाने मराठीत लिहावीत, एवढीच तिची इच्छा. मी ११.६ इंची, हलका आणि स्वस्त लॅपटॉप निवडला. तीन महिन्यांनी गेलो, तर तो कपाटात, विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवलेला! मावशी म्हणाली, “माझ्यानं नाही होत रे हे. डोकं चालत नाही आता पूर्वीसारखं.”

पावकी, निमकी आणि एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हणणाऱ्या बाईंचे डोके चालत नाही? मला ते पटेना. मी मोजपट्टी आणि घड्याळ घेऊन तिच्या शेजारी बसलो. त्या दुपारी जी मोजमापे निघाली, तीच आज आपण पाहणार आहोत.

चाळिशीचे गणित

पहिले मोजमाप डोळ्यापासून पडद्यापर्यंतच्या अंतराचे. ते निघाले ६० सें.मी. मावशीच्या जवळच्या चष्म्याचा नंबर होता +२.५. लांबचे तिला चष्म्याशिवाय नीट दिसे. आता दहावीच्या पुस्तकातले सूत्र आठवा. भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये हवी असेल, तर १ ला मीटरमधल्या नाभीय अंतराने भागायचे. उलट, १ ला २.५ ने भागले की ०.४ मीटर, म्हणजे ४० सें.मी. येतात. पोथी किंवा वर्तमानपत्र आपण याच अंतरावर धरतो, म्हणून चाळिशीही त्याच अंतरासाठी बनवलेली असते.

तुमच्या वयात डोळ्यातले भिंग लवचीक असते. स्नायू त्याला क्षणात कमीजास्त फुगीर करतात, म्हणून पुस्तकावरून फळ्याकडे नजर सहज जाते. हीच समायोजन शक्ती. वयाबरोबर भिंग ताठर होते आणि साठीनंतर ही शक्ती जवळजवळ उरत नाही. मग चष्मा ज्या अंतराचा, त्याच अंतरावर स्पष्ट दिसते. ६० सें.मी. साठी १ भागिले ०.६, म्हणजे सुमारे +१.७५ नंबर हवा. मावशी +२.५ च्या चष्म्यातून पाहत होती. साहजिकच पडदा धूसर दिसे आणि ती पुढे वाकून बसे. अर्ध्या तासात मान दुखू लागे.

तेव्हा लॅपटॉपच्या आधी आजीला नेत्रतज्ज्ञांकडे न्या. पडद्याचे अंतर टेपने मोजून त्यांना सांगा. नंबर तेच ठरवतील, आणि मोतीबिंदू असेल तर तोही कळेल. महागड्या पडद्यापेक्षा योग्य अंतराचा साधा चष्मा कधी कधी अधिक काम करतो.

अक्षर केवढे हवे?

दुसरे मोजमाप अक्षराच्या उंचीचे. मावशीच्या पडद्यावर अक्षराचे अंग, म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंतचा भाग, १.८ मि.मी. भरला. हे पुरेसे आहे का? नेत्रतज्ज्ञांचा तक्ता तुम्ही पाहिलाच असेल. निकोप दृष्टीला ६ मीटरवरून वाचता येणारे सर्वांत लहान अक्षर सुमारे ८.७ मि.मी. उंच असते. ६० सें.मी. म्हणजे त्याचा दहावा भाग; म्हणून तिथे ०.८७ मि.मी. चे अक्षर जेमतेम वाचता येईल. जेमतेम ओळखणे वेगळे आणि तासभर आरामात वाचणे वेगळे. त्यासाठी अक्षर दुप्पट-तिप्पट तरी हवे. दृष्टी निम्म्याने कमी झाली असेल, तर हा आकडा आणखी दुप्पट होतो, म्हणजे साडेतीन ते पाच मि.मी. मावशीचे अक्षर होते त्याच्या निम्मे!

शिवाय देवनागरीत बारीक खुणा फार. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांतला फरक एका लहानशा गाठीचा किंवा वळणाचा. अनुस्वार तर नुसता ठिपका. अक्षर थोडे धूसर झाले की पहिला बळी यांचाच जातो.

त्यातून प्रकाशाचीही अडचण. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होते. विशीतल्या डोळ्याच्या मानाने साठीतल्या डोळ्याच्या दृष्टिपटलावर साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणून पडदा पुरेसा उजळ असावा आणि चकचकीत नसावा. दुकानात बंद पडदा दाराकडे वळवून पाहा. त्यात तुमचा चेहरा आरशासारखा दिसला, तर आजीलाही अक्षरांऐवजी खिडकीच दिसेल.

मोठा पडदा कशासाठी?

“अक्षरे मोठी करता येतात ना? मग लहान पडदा का चालू नये?” असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. कोणत्याही लॅपटॉपवर अक्षरे १२५ किंवा १५० टक्के करता येतात. पण अक्षरे वाढली तरी पडदा वाढत नाही. हिशेब करून पाहू.

अक्षर ५ मि.मी. चे धरू. वरच्या-खालच्या मात्रा आणि मोकळी जागा धरून एका ओळीला त्याच्या अडीचपट, म्हणजे साडेबारा मि.मी. लागतील. अक्षराची रुंदीही ५ मि.मी. समजू. नेहमीच्या १६ : ९ प्रमाणाच्या पडद्यांवर काय मावेल ते असे :

११.६ इंच (२५.७ × १४.४ सें.मी.) : ११ ओळी, ओळीत ५१ अक्षरे.
१४ इंच (३१.० × १७.४ सें.मी.) : १३ ओळी, ओळीत ६२ अक्षरे.
१५.६ इंच (३४.५ × १९.४ सें.मी.) : १५ ओळी, ओळीत ६९ अक्षरे.

गुणाकार करा. ११.६ इंचावर ५६१ आणि १५.६ इंचावर १,०३५ अक्षरे! वरच्या-खालच्या पट्ट्या वजा जाता लहान पडद्यावर सात-आठ ओळीच उरतात. चार ओळी वाचायच्या आणि पडदा सरकवायचा. आधीचे वाक्य तोवर विसरायला होते. म्हणजे मोठा पडदा अक्षर मोठे करत नाही. मोठ्या अक्षराला जागा देतो.

पडद्यावरच्या ठिपक्यांचाही विचार करू. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. १५.६ इंची पडद्यावर आडवे १,३६६ ठिपके असतील, तर एक ठिपका पाव मि.मी. चा होतो, १,९२० असतील, तर ०.१८ मि.मी. चा. ५ मि.मी. चे अक्षर पहिल्यात २० ठिपक्यांच्या उंचीत काढले जाते, दुसऱ्यात सुमारे २८ ठिपक्यांच्या. बारीक दोऱ्याची रांगोळी जशी अधिक रेखीव दिसते, तसेच हे. म्हणून १,९२० × १,०८० चा पडदा घ्यावा आणि अक्षरे मोठी करून द्यावीत. नुसता बारीक ठिपक्यांचा पडदा आणून अक्षरे तशीच ठेवली, तर ती उलट लहान दिसतील!

वाट पाहण्याचा त्रास

तिसरे मोजमाप घड्याळाचे. कळ दाबल्यापासून मावशीचा लॅपटॉप कामाला लागेपर्यंत तीन मिनिटे गेली. तुम्ही म्हणाल, तिला कुठे घाई आहे? पण ती काय करत होती ते मी पाहिले. ती चित्रावर टिचकी मारी. काहीच होत नसे. आपलेच चुकले असे वाटून ती पुन्हा मारी, मग आणखी एकदा. एवढ्यात यंत्र जागे होऊन तीन खिडक्या उघडी. मावशी घाबरून हात मागे घेई. दोष यंत्राच्या संथपणाचा होता आणि ती तो स्वतःच्या वयाच्या खात्यावर मांडत होती.

हा संथपणा येतो कुठून? त्या लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती. तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एक फेरा सुमारे ०.०११ सेकंदाचा. हवी ती माहिती टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो. टोकाचा दांडा योग्य जागी सरकायला साधारण ०.०१ सेकंद धरा. एकूण झाले सुमारे ०.०१५ सेकंद. क्षुल्लक वाटते ना? समजा, यंत्र सुरू होताना असे १०,००० विखुरलेले तुकडे वाचायचे आहेत. मग लागले १५० सेकंद, म्हणजे अडीच मिनिटे!

एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. माहिती अर्धवाहकांच्या चिपमध्ये साठवलेली असते आणि एक तुकडा काढायला ०.०००१ सेकंदाच्या आसपास वेळ पुरतो. १०,००० तुकड्यांना एक सेकंद. प्रत्यक्षात इतर कामांनाही वेळ जातो, पण फरक डोळ्यांना दिसेल एवढा राहतो. म्हणून ५०० जीबीच्या हार्ड डिस्कपेक्षा २५६ जीबीची एसएसडी आजीच्या अधिक कामाची. ६४ जीबीच्या साठ्याची फार स्वस्त यंत्रे टाळा. नव्या सुधारणा उतरवता उतरवताच ती भरून जातात. मेमरी ८ जीबी असावी. ती अपुरी पडली की यंत्राला पुन्हा साठ्याकडे धावावे लागते. याहून वेगवान प्रोसेसरसाठी जादा पैसे मोजण्याचे मात्र कारण नाही.

हात आणि कळफलक

बोटे थरथरत असतील, तर लॅपटॉपवरची स्पर्शपट्टी त्रास देते. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले, की लक्ष्य जितके लहान आणि लांब, तितका हाताला तिथे पोचायला अधिक वेळ लागतो. म्हणून पडद्यावरची चित्रे मोठी करा, बाण मोठा करा आणि एक साधा, तळहातात मावणारा माउस जोडून द्या. दोन टिचक्यांमधले अंतर वाढवण्याचीही सोय असते.

मराठी लिहायचे असेल, तर इनस्क्रिप्ट कळफलक दाखवा. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. ‘क’ आणि ‘ख’, ‘ग’ आणि ‘घ’, ‘त’ आणि ‘थ’ अशा जोड्या एकेका कळीवर बसवल्या आहेत. शिफ्ट दाबले की महाप्राण. ज्यांची वर्णमाला पक्की आहे, त्यांना ही मांडणी लवकर उमगते. कळांवर चिकटवायच्या मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्याही मिळतात.

जुना घ्यावा का?

पैसे बेताचे असतील, तर दुरुस्त करून विकलेला जुना लॅपटॉप वाईट नाही. पण तो इतका स्वस्त का, हे आधी विचारा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. त्याआधीची यंत्रे म्हणूनच स्वस्तात निघतात. त्यांवर लिनक्स चालेल, पण ते सांभाळणारे घरात कोणीतरी हवे. जुन्या यंत्राची बॅटरीही थकलेली असते. बॅटरीवर लिहिलेले वॉट-तास यंत्राच्या वॉटने भागले, की चालण्याचे तास मिळतात. ४० वॉट-तास भागिले १० वॉट, म्हणजे ४ तास. हा झाला नव्या बॅटरीचा हिशेब; जुनीचा प्रत्यक्ष चालवूनच पाहावा.

लॅपटॉप देताना आजीचे खाते साधे ठेवा, म्हणजे नवे काही बसवायला वेगळा परवलीचा शब्द लागेल. ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नाही, हे समजावून द्या. फसवणूक झालीच, तर १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा.

मावशीचे पुढे काय झाले? मधल्या अंतराचा चष्मा आला आणि माउस आला. काही महिन्यांनी १५.६ इंची, एसएसडी असलेला लॅपटॉप आला. आठव्या दिवशी तिनेच मला हाक मारली आणि मुलीशी स्वतः जोडलेले संभाषण दाखवले. आता ती जुन्या पाढ्यांची वही टंकून काढते आहे. पावकी झाली, निमकी चालू आहे. तिचे डोके तेव्हाही चालत होते. मीच मोजले नव्हते.

करून पाहा

१. एका कागदावर २, ३, ४, ५ आणि ६ मि.मी. उंचीच्या अक्षरांत एकेक ओळ लिहा. घ-ध, भ-म, थ-य ही अक्षरे त्यात असू द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना संध्याकाळच्या उजेडात, त्यांच्या नेहमीच्या चष्म्याने, ६० सें.मी. वरून वाचायला सांगा. जेमतेम वाचलेली ओळ नव्हे, तर न थांबता वाचलेली ओळ नोंदवा.

२. त्या उंचीचे अक्षर धरून तिन्ही पडद्यांवर किती ओळी मावतील ते काढा.

३. समजा, तुमच्यापाशी ३०,००० रुपये आहेत. चष्मा, माउस, पडदा, साठा आणि मेमरी यांचा क्रम तुम्ही कसा लावाल? कारणांसह लिहा आणि वर्गात चर्चा करा. मात्र यादीच्या पहिल्या ओळीत यंत्राचे नाव लिहू नका. ज्यांच्यासाठी ते घ्यायचे आहे, त्यांचे लिहा.