बद्ध एंझाइमे आणि तेलाचे इंधन

इ. स. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डीझेल जातीचे एक एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. तेव्हा वनस्पतींच्या तेलावर एंजिन चालते, ही गोष्ट नवी नव्हे. अडचण आहे ती तेलाच्या दाटपणाची. खनिज डीझेलच्या मानाने ते सुमारे दसपट दाट. त्याचा फवारा नीट उडत नाही आणि एंजिनात काजळी साचते. म्हणून तेलाचा रेणू आधी फोडावा लागतो.

हा रेणू म्हणजे ग्लिसरिनाच्या कण्याला जडलेली तीन वसाम्ले. मेथेनॉलाचे तीन रेणू आले की ती वसाम्ले ग्लिसरिनास सोडून मेथेनॉलाशी जुळतात. असे जे पातळ एस्टर मिळते, तेच बायोडीझेल. शंभर किलो तेलास सुमारे अकरा किलो मेथेनॉल पुरते. कारखान्यांत ही विक्रिया बहुधा अल्कलीच्या साहाय्याने घडवितात. परंतु वारंवार तळणीस वापरलेल्या तेलात मोकळी वसाम्ले असतात आणि अल्कलीशी गाठ पडताच त्यांचा साबण होतो. भारतात १ जुलै २०१८ पासून, शेकडा २५ हून अधिक ध्रुवीय संयुगे झालेले तेल खाद्यपदार्थांसाठी वापरण्यास मनाई आहे. आपल्या गावच्या भजीवाल्याच्या कढईतील असे तेल गटारात जावे की इंधनात, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

येथे लायपेज हे एंझाइम उपयोगी पडते. आपल्या अन्नातील स्निग्धांश पचविण्याचे काम लायपेजच करीत असते. ३० ते ४० अंश सेल्सिअस एवढी ऊब त्यास पुरे होते, आणि मोकळ्या वसाम्लांचेही ते एस्टर बनविते. साबण होत नाही. मात्र ते महाग आहे. तेलात मोकळे सोडले तर परत मिळविणे कठीण, म्हणून रेझिनाच्या बारीक मण्यांवर ते चिकटवून ठेवतात. वेदान्तात मुक्ताचे माहात्म्य. येथे मात्र बद्धच श्रेष्ठ, कारण तेच पुनःपुन्हा कामास येते.

तरीही मेथेनॉल एकदम ओतल्यास ते तेलात पुरते विरघळत नाही, आणि न विरघळलेले मेथेनॉल एंझाइमास निकामी करते. १९९९ मध्ये जपानात शिमादा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तीन हप्त्यांत घालून पाहिले. तेव्हा तेच एंझाइम पन्नासहून अधिक वेळा वापरता आले.

आता पात्राविषयी. ढवळणीच्या पात्रात पंख्याने तेल, मेथेनॉल व मणी घुसळले जातात. मिश्रण उत्तम होते, हप्ते पाडणेही सोपे. परंतु पंख्याच्या माऱ्याने मणी फुटतात आणि त्यांचा चुरा तेलाबरोबर वाहून जातो. याउलट भरलेल्या स्तंभात मणी ठासून बसविलेले असतात व तेल त्यांतून झिरपत जाते. मणी शाबूत राहतात, काम अखंड चालते. पण निर्माण होणारे ग्लिसरीन चिकट. ते मण्यांवर लेपासारखे बसते, तेलाची वाट अडविते आणि पंपावरील दाब वाढत जातो. माझ्या मते तळणीच्या तेलास स्तंभच बरा, मात्र तेल आधी नीट गाळलेले हवे, आणि स्तंभ एकच नको. एका स्तंभातून निघालेले मिश्रण मध्ये थांबवून तळाशी बसलेले ग्लिसरीन काढून घ्यावे, मेथेनॉलाचा पुढचा हप्ता घालावा, मग ते दुसऱ्या स्तंभात सोडावे. असे काढलेले ग्लिसरीन अल्कली व साबण यांपासून मुक्त असल्याने शुद्ध करण्यास सोपे जाते, आणि त्याला भावही बरा येतो.