नळी आहे, तरी गळती का?

प्रश्न : वडिलांचं (वय ७२) प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय. कॅथेटर असूनही बाजूने लघवी गळते. त्यात महाकालच्या दर्शनाचा हट्ट! काय करावं? – एक वाचक, उज्जैन

उत्तर : बहुधा मूत्राशय मध्येच आवळतं आणि लघवी नळीच्या कडेने येते, त्यावर औषध मिळतं. आधी नळी मुडपली किंवा ताणली आहे का, पाहा. पिशवी मूत्राशयाच्या खालीच ठेवा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. पाणी डॉक्टरांनी सांगितलं तेवढं द्या. पिशवीत लघवी येणंच थांबलं, पोट फुगलं, गुठळ्या दिसल्या किंवा ताप आला, तर तातडीने रुग्णालय गाठा. नळी स्वतः ओढू नका. डॉक्टरांनी होकार दिल्यास पायाला बांधायची पिशवी लावून दर्शनाला न्या. नळी निघाल्यावरही काही आठवडे थेंब गळू शकतात. तेव्हा ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम उपयोगी पडतात.