आधी वासरं

वाशिंद,
श्रावणी सोमवार

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

पाड्यावरच्या शाळेत रुजू होताना तू विचारलंस, अभ्यास आधीच मागे पडलेला, त्यात गोष्टींना वेळ कुठून द्यायचा? माझं सांगणं असं, की गोष्ट हाही अभ्यासच आहे. जगात काय काय आहे ते पुस्तक सांगेल. पण त्यातलं आधी काय बघायचं, कोणाला मोजायचं, ही नजर माणूस गोष्टींतून उचलतो. हातात अक्षता घेऊन ऐकायची खुलभर दुधाची कहाणी आठव. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा होता. दवंडी पिटली, गावानं पोरांच्या वाटचं, वासरांच्या तोंडचं दूध नेऊन ओतलं, तरी गाभारा भरेना. एक म्हातारी मात्र पोरंबाळं, वासरं पाजून उरलेलं खुलभर दूध घेऊन गेली आणि गाभारा भरला. राजानं दूध किती आलं ते पाहिलं, म्हातारीनं आधी कोण प्यालं ते. न्याय ही एवढी अवघड गोष्ट सहा वर्षांच्या पोराला याहून सोप्या वाटेनं कळणार नाही.

आता हीच नजर घेऊन आपल्या शहापूर तालुक्याकडे बघ. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईची तहान भागवतोय. भातसा धरणाचं पाणी तर आज मुंबईच्या पाण्यात जवळपास निम्मं. शहरात ही कर्तबगारीची गोष्ट म्हणून सांगतात आणि ती खोटी नाही. पण याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, पाणी विहिरीत सोडतो आणि गढूळपणा खाली बसायच्या आत काठावरून पोहरे सुटतात. ज्यानं फक्त शहरातली गोष्ट ऐकली, त्याला हे पाड्याचं नशीब वाटेल. म्हातारीची कहाणी ऐकलेलं मूल विचारील, वासरांचं काय?

कोणी म्हणेल, कहाणीनं नळ येत नाही. पाडे उंचावर, जलाशय खाली, कातळात पाणी मुरत नाही. इथे पंप, वीज, पैसा लागतो. कबूल, म्हणून गणिताचा तास कमी करू नकोस. पण पाणी किती उचलायचं ते गणित सांगतं. आधी कोणासाठी उचलायचं, ते सांगत नाही. दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो: गोष्टी फसवतातही. बाईनं सोसावं आणि व्रताचं फळ म्हणून मुलगा मागावा, हेही कहाण्यांनीच शिकवलं. तरी गोष्टी बंद करणं हा उपाय नव्हे. शाळा गप्प बसली तर पोरं मोबाइल सांगेल ती गोष्ट धरून चालतील. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारत टाकून दिलं नाही, गांधारी, द्रौपदीकडे माणूस म्हणून पुन्हा पाहिलं. तसं वर्गात कर. तात्पर्य सांगू नकोस. विचार, या गोष्टीत कोण बोललंच नाही?

आणि पोरांच्या घरच्या गोष्टी त्यांच्याच ठाकरी, कातकरी बोलीत येऊ देत. ज्याच्या घरची गोष्ट शाळेत कधीच ऐकू येत नाही, ते मूल आपलं जगणं सांगण्याजोगं नाही असं समजून बसतं. कहाणीतल्या म्हातारीनंही राजाला खरं सांगितलं ते अभय मिळाल्यावरच. वर्गात ते अभय तुला द्यायचं आहे.

तुझा,
मामा