प्रतीची राखण : ऑनलाइन बॅकअप सेवांची पारख
— तृतीय वर्ष कला, मराठी विभाग

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते पडताळण्यात आली. या आकड्याकडे आपण एरवी पाठचिकित्सेच्या दृष्टीने पाहतो. परंतु त्याला आणखी एक अर्थ आहे. वाळवी, ओल, आग आणि माणसाची बेपर्वाई या साऱ्यांतून ग्रंथ तरला, तो एखाद्या भक्कम पेटीमुळे नव्हे. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत त्याच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या हाती होत्या, म्हणून तो तरला.

आज कलाशाखेच्या विद्यार्थ्यापुढे हाच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. प्रबंधाची टिपणे, मोडी कागदांची छायाचित्रे, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे हे सारे आता फायलींच्या रूपात असते. आमच्या विभागाने जात्यावरच्या ओव्यांचे सुमारे बारा तासांचे ध्वनिमुद्रण केले आहे. ज्या आजीबाईंनी त्या ओव्या गायल्या, त्यांपैकी दोघी आज हयात नाहीत. छापील पुस्तक हरवले तर दुसऱ्या ग्रंथालयात मिळते. हा आवाज दुसरीकडे कोठेही मिळणार नाही. त्याची राखण कोणाकडे सोपवावी, हे ठरविण्यासाठी मी काही ऑनलाइन बॅकअप सेवांचा अभ्यास केला. त्याचा सारांश येथे मांडीत आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ज्याला आपण सर्रास 'बॅकअप' म्हणतो, ते पुष्कळदा 'सिंक' असते. सिंक म्हणजे आरसा. संगणकावर जे असेल तेच दूरच्या यंत्रावर दिसते. संगणकावरील फाईल पुसली गेली, तर आरशातलीही पुसली जाते. अशी फाईल 'कचरापेटीत' काही दिवस राहते खरी. गूगल ड्राइव्हमध्ये ही मुदत तीस दिवसांची आहे. पण परीक्षेच्या धामधुमीत महिना कसा सरतो, हे विद्यार्थ्यांना सांगावयास नको. खरा बॅकअप हा पेवासारखा असतो. वरचे धान्य संपले, तरी आतले शाबूत राहते. कालची प्रत, गेल्या महिन्याची प्रत वेगळी काढता येते. म्हणून कोणत्याही सेवेला पहिला प्रश्न हा विचारावा : जुन्या आवृत्त्या किती दिवस ठेवता?

दुसरा प्रश्न जागेचा आणि वेळेचा. येथे साधे अंकगणित कामी येते. सीडीच्या दर्जाचे, न दाबलेले दोन वाहिन्यांचे ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे साडेदहा मेगाबाइट जागा घेते. या हिशोबाने आमच्या बारा तासांना साडेसात गिगाबाइटहून थोडी अधिक जागा लागते. गूगलची विनामूल्य जागा साधारणपणे १५ गिगाबाइट आहे, पण तीत टपाल, छायाचित्रे आणि फायली असे तिन्ही मोजले जाते. वनड्राइव्ह व आयक्लाउड यांची विनामूल्य जागा ५ गिगाबाइट, म्हणजे आमचे काम तेथे मावतच नाही. चढविण्याचा वेग सेकंदाला दोन मेगाबिट असेल, तर एवढ्या साहित्याला सुमारे साडेआठ तास लागतात; दहा मेगाबिट असेल, तर पावणेदोन तास पुरतात. कंपन्या जाहिरातीत सांगतात तो वेग बहुधा उतरविण्याचा असतो, चढविण्याचा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरा प्रश्न सेवेच्या आयुष्याचा. गूगल फोटोजमधील विनामूल्य अमर्याद साठवण १ जून २०२१ रोजी बंद झाली. शिक्षणसंस्थांना मिळणाऱ्या अमर्याद जागेलाही त्याच कंपनीने २०२२ पासून मर्यादा घातली. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आले. यात लबाडी काही नाही. नियम आधी जाहीर झाले होते. परंतु पदवी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याच्या खात्यावर विभागाचे साहित्य पडून असेल, तर त्या नियमांची आठवण कोण ठेवणार?

चौथा प्रश्न किल्लीचा. काही सेवांत साहित्याला लावलेल्या गुप्त कुलुपाची किल्ली कंपनीकडे असते. काहींत ती फक्त आपल्याकडे ठेवता येते. दुसऱ्या प्रकारात खासगीपणा अधिक, पण किल्ली हरवली तर कंपनीही हतबल. ओव्या गाता गाता बायका घरातले दुखणेखुपणेही बोलून जातात. ते परक्याच्या कानी पडू नये, ही त्यांच्या विश्वासाची बूज आहे. म्हणून अशा साहित्यासाठी आपल्या किल्लीची सोय मला महत्त्वाची वाटते. मात्र ती किल्ली कागदावर लिहून विभागाच्या कपाटात ठेवली पाहिजे.

आता सर्वांत मोठ्या प्रश्नाकडे वळतो. ठेवलेले परत मिळते काय? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. राखीव प्रतींच्या पाच व्यवस्था कागदोपत्री होत्या. ऐनवेळी त्यांपैकी एकही नीट चालत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत हाती लागली, तिच्यावर निभावले. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या माहितीकेंद्रास आग लागली, तेव्हा ज्यांची मूळ प्रत आणि राखीव प्रत दोन्ही त्याच आवारात होत्या, त्यांचे सर्वस्व गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्र पेटले. तेथे सरकारी नोकरांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा होता. आकार फार मोठा म्हणून त्याची बाहेर दुसरी प्रतच ठेवलेली नव्हती. तिन्ही ठिकाणी माणसे जाणकार होती आणि साधने उत्तम होती. उणीव होती ती पडताळणीची आणि अंतराची.

आपल्याकडे शेतकरी घरचे बियाणे पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवतात ते मोजतो. कणगी भरलेली आहे, एवढ्यावर तो विसंबत नाही. अशीच उगवणचाचणी मी दोन सेवांची घेतली. वीस ध्वनिमुद्रणे दोन्हींकडे चढविली आणि आठवड्याने ग्रंथालयातल्या दुसऱ्या संगणकावर परत उतरविली. प्रत्येक फाईलचा 'चेकसम', म्हणजे तिच्यातील मजकुरावरून काढलेली खूणसंख्या, मुळाशी ताडून पाहिला. एका अक्षराचा पाठभेद झाला तरी ही संख्या बदलते. दोन्हींकडील वीसही फायली मुळाबरहुकूम निघाल्या. मात्र एका सेवेने सर्व फायलींवर उतरविल्या दिवसाची तारीख घातली, ध्वनिमुद्रणाचा मूळ दिवस गेला. दुसरीने तारखा राखल्या, पण गठ्ठा उलगडताना काही देवनागरी नावांच्या जागी निरर्थक चिन्हे आली. आवाज वाचला, पण कोणत्या गावचा, कोणत्या बाईचा, कोणत्या दिवसाचा हे हरवले, तर अभ्यासकाच्या दृष्टीने अर्धा ऐवज गेलाच म्हणावयाचा.

यावरून आम्ही असे ठरविले आहे. फाईलचे नाव साध्या क्रमांकाचे. गाव, गाणारीचे नाव व दिनांक यांची नोंद स्वतंत्र यादीत, आणि ती यादी छापूनही. जाणकारांत रूढ असलेला '३-२-१' हा नियम पाळावयाचा : एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दूरच्या ठिकाणी. आमच्याकडे पहिली प्रत विभागाच्या संगणकावर, दुसरी एरवी सुटी करून ठेवलेल्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी ऑनलाइन सेवेत राहील. खाते विद्यार्थ्याच्या नव्हे, विभागाच्या नावाचे असेल. दर सत्राच्या आरंभी पाच फायली परत उतरवून ऐकावयाच्या आणि तसा शेरा वहीत मारावयाचा.

सेवेची पारख तिच्या जाहिरातीतल्या गिगाबाइटवर होत नाही. आपण ठेवलेली वस्तू दुसऱ्या माणसाला, दुसऱ्या यंत्रावर, आपल्या गैरहजेरीत, ओळखू येईल अशी परत मिळते का, एवढीच खरी कसोटी आहे. पुढच्या वर्षी आम्ही येथे नसू. तेव्हा जो विद्यार्थी ती वही उघडेल, त्याला त्या दोन आजीबाईंचा आवाज नावागावासह ऐकू यावा, इतके झाले तरी पुष्कळ.