आजारपणाचा खर्च : बचत की विमा?

सरकारी सेवकाचे वेतन ठरलेले असते. आजारपणाचा खर्च मात्र ठरवून येत नाही. त्यामुळे कचेरीत वा शिक्षकांच्या खोलीत एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : "दरवर्षी विम्याचा हप्ता भरायचा आणि वेळ आली की दावा नाकारला जायचा, त्यापेक्षा तीच रक्कम आपण स्वतःच का साठवू नये?" हा प्रश्न केवळ त्राग्याने विचारलेला नाही. त्यात तथ्य आहे आणि म्हणूनच त्याचा हिशेब मांडून विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम बचतीची बाजू पाहू. बचतीला कोणी प्रश्न विचारीत नाही. चष्मा, दात, तपासण्या, गावाहून शहराच्या रुग्णालयात जाण्याचे भाडे, रुग्णासोबत राहणाऱ्या माणसाचा खर्च, यांपैकी बराचसा भाग सामान्य विमापत्रात बसत नाही. तो आपल्या गाठीच्या पैशांतूनच भागवावा लागतो. शिवाय आजार झाला नाही तर पैसा आपलाच राहतो.

परंतु बचतीला वेळ लागतो आणि आजार वेळ देत नाही. समजा, एका सेवकाने दरवर्षीच्या आरंभी २४,००० रुपये ७ टक्के व्याजाने ठेवले. दहा वर्षांअखेर त्याच्यापाशी सुमारे ३ लाख ५५ हजार रुपये जमतील. पण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जमलेली रक्कम असते केवळ ५३ हजारांच्या आसपास. त्याच सुमारास घरात ३ लाखांची शस्त्रक्रिया उद्भवली, तर उरलेले अडीच लाख कोठून आणावयाचे? सोने गहाण पडते, शेत विकावे लागते किंवा सावकाराचा उंबरठा झिजवावा लागतो. विम्याचे प्रयोजन नेमके येथे आहे. पुष्कळांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर संकट येईल त्याचा भार उचलला जावा, हे त्याचे तत्त्व होय. दावा न करता गेलेल्या वर्षांचा हप्ता वाया गेला असे म्हणणे, म्हणूनच, पूर्णपणे बरोबर नाही.

अमेरिकेतील एक प्रयोग

या दोन्ही मार्गांची सांगड घालण्याचा यत्न अमेरिकेने केला आहे. तेथील संघीय सरकारच्या नोकरांसाठी १९५९ च्या कायद्याने आरोग्यविम्याची योजना सुरू झाली. सेवकाने दरवर्षी अनेक विमायोजनांतून एक निवडावयाची आणि हप्त्याचा मोठा वाटा सरकारने उचलावयाचा, अशी ती व्यवस्था आहे. पुढे २००३ च्या एका कायद्याने 'आरोग्य बचत खाते' अस्तित्वात आले व १ जानेवारी २००४ पासून ते उघडता येऊ लागले. हे खाते सर्व अमेरिकनांसाठी आहे. संघीय सेवकही त्याचा लाभ घेतात.

खात्याची मुख्य अट अशी की, खातेदाराने मोठ्या स्वभाराचा विमा घेतलेला असावा. स्वभार म्हणजे विमा कंपनी पैसे देऊ लागण्यापूर्वी रुग्णाने स्वतः सोसावयाचा खर्च. २०२६ सालासाठी हा स्वभार एका व्यक्तीस किमान १,७०० डॉलर व कुटुंबास किमान ३,४०० डॉलर असावा लागतो. खात्यात एका व्यक्तीस वर्षाला ४,४०० डॉलरपर्यंत व कुटुंबास ८,७५० डॉलरपर्यंत भरता येतात. भरलेली रक्कम, तिच्यावरील वाढ आणि उपचारासाठी काढलेला पैसा, या तिन्हींवर संघीय प्राप्तिकर नाही. शिल्लक पुढील वर्षी जशीच्या तशी राहते व नोकरी सुटली तरी खाते आपलेच असते. मात्र ६५ वर्षांच्या आत अन्य कारणासाठी पैसा काढल्यास करावर आणखी २० टक्के दंड बसतो.

निरोगी आणि थोडीफार शिल्लक टाकू शकणाऱ्या सेवकास ही योजना लाभदायक ठरते. हप्ता बहुधा कमी बसतो आणि निवृत्तीसाठी गंगाजळी तयार होते. परंतु ज्यास मधुमेहासारखा कायमचा विकार आहे किंवा महिनाअखेर ज्याच्या हाती काहीच उरत नाही, त्यास दरवर्षी आधी स्वभार भरणे जड जाते. १९७० च्या दशकात रँड या संस्थेने अमेरिकेत केलेल्या मोठ्या प्रयोगातही हेच आढळले होते : खिशातून खर्च करावा लागला की लोक अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही कमी घेतात. केवळ बचतीवर भिस्त ठेवणाऱ्याने हा इशारा ध्यानी घ्यावा.

आपल्याकडील परिस्थिती

आपल्या देशात असे खास करमुक्त खाते नाही. केंद्रीय सेवकांसाठी १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झालेली केंद्र सरकारची आरोग्य योजना आहे. राज्यांचे वैद्यकीय प्रतिपूर्तीचे आपापले नियम आहेत. प्रतिपूर्ती सरकारी दराने मिळते; रुग्णालयाचे देयक त्याहून अधिक असल्यास फरक सेवकानेच सोसावयाचा असतो. सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधीतून आजारपणासाठी अग्रिम मिळतो. नव्या निवृत्तिवेतन योजनेतील सेवकास तीन वर्षांनंतर आजारपणाच्या उपचारासाठी स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. या सोयी उपयुक्त खऱ्या, तथापि हा पैसा म्हातारपणाचा आहे हे विसरता कामा नये.

दावे कोठे अडतात?

विम्यासंबंधीच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ विमापत्र न वाचण्यात असते. एक उदाहरण घेऊ. खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये असताना रुग्ण ८,००० रुपयांच्या खोलीत चार दिवस राहिला. भाड्याचा फरक झाला १२,००० रुपये. पण प्रमाणशीर कपातीची अट असल्यास डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह इत्यादींच्या ८०,००० रुपयांपैकीही पाच-अष्टमांश, म्हणजे ५०,००० रुपयेच मंजूर होतात. एकूण ४२,००० रुपये रुग्णाच्या अंगावर पडतात. औषधे, तपासण्या व शरीरात बसविलेली साधने यांना मात्र ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही.

दुसरे कारण पूर्वीचे आजार. २०२४ च्या नियमांनुसार अशा आजारांसाठी प्रतीक्षाकाल कमाल ३६ महिन्यांचा आहे आणि विमा सलग ६० महिने चालू राहिल्यावर माहिती दडविल्याच्या सबबीवर, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, दावा नाकारता येत नाही. म्हणून अर्जात रक्तदाब वा मधुमेह लपवू नये व हप्ता खंडित होऊ देऊ नये.

दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक वाटल्यास विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. इंदूर व ग्वाल्हेरसाठी भोपाळ, वडोदऱ्यासाठी अहमदाबाद, बेळगावसाठी बेंगळूर आणि हैदराबादसाठी त्याच शहरी लोकपालांचे कार्यालय आहे.

मग करावे काय?

१. आपल्या खात्याचा प्रतिपूर्तीचा नियम मिळवून वाचावा. निवृत्तीनंतर त्यातील काय उरते, हे आस्थापना शाखेत विचारून घ्यावे.

२. निवृत्तीनंतर संरक्षण उरत नसेल, तर निवृत्तीपूर्वी निदान तीन वर्षे स्वतःचा विमा घ्यावा, म्हणजे प्रतीक्षाकाल नोकरीतच सरतो.

३. लहानसहान खर्चासाठी वेगळी बचत ठेवावी आणि मोठ्या संकटासाठी विमा ठेवावा. स्वभाराचा विमा घेतल्यास स्वभाराइतकी रक्कम आधी बँकेत हवी.

४. सत्तर वर्षांवरील आईवडिलांचे आयुष्मान कार्ड काढून ठेवावे. २०२४ पासून या वयाच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता त्याचा लाभ दिला जातो. सरकारी आरोग्य योजनेचे लाभार्थी असल्यास दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते.

५. विमापत्र, देयके व तपासणीचे अहवाल एका ठिकाणी ठेवावेत आणि ते कोठे आहेत हे घरातील दुसऱ्या माणसास ठाऊक असावे.

बचत व विमा ही एकाच गाड्याची दोन चाके आहेत. त्यांची जुळणी घरातील सर्वजण धडधाकट असतानाच करावयाची असते. रुग्णालयाच्या दारात उभे राहून हा हिशेब मांडता येत नाही.