समुपदेशकाच्या पिशवीतले पुस्तक

वागळे इस्टेटमधल्या एका वस्तीत मी शाळकरी मुलांसाठी समुपदेशन करते. ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा आणि समुपदेशनाचे एक छोटे प्रशिक्षण, एवढ्या शिदोरीवर सुरुवात केली. ती पुरेल असे वाटले होते.

जव्हारकडून मजुरीसाठी आलेल्या एका वारली कुटुंबातली दहा वर्षांची मुलगी आठवड्यातून तीन दिवस गैरहजर असे. मी वहीत लिहिले, 'अभ्यासात गोडी नाही, पालक उदासीन.' तिच्या आईला दोनदा बोलावून समजावले. दोन्ही दिवशी तिची मजुरी बुडाली, हे मला फार उशिरा कळले.

त्याच सुमारास अनुताई वाघ यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हाती आले. मग त्या कामाविषयी मिळेल ते वाचत गेले. ताराबाई मोडक आणि अनुताईंनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखत, धाकटी भावंडे सांभाळत. म्हणून गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली आणि विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकत्र आली. भावंड पाळणाघरात, ताई वर्गात!

वहीतली ती ओळ मी खोडली आणि दुसऱ्या दिवशी मुलीच्या घरी गेले. तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ होता.

कोसबाडची टेकडी निराळी, आमची चाळ निराळी. पाळणाघर काही उभे राहिले नाही. पण शेजारच्या मावशी दुपारपर्यंत बाळाला ठेवायला तयार झाल्या. आता मुलीचा आठवड्यात एकच दिवस चुकतो, मावशींच्या बाजाराचा.

कायदाही वाचावा लागतो. 'मी कोणाला सांगणार नाही' असे वचन मी पूर्वी मुलांना सहज देई. २०१२ चा पॉक्सो कायदा वाचला आणि थांबले. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोलिसांना कळवणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे. त्यामुळे आता पहिल्याच भेटीत सांगते, "तुला धोका असेल तर मला दुसऱ्यांची मदत घ्यावी लागेल, आणि ते तुला सांगूनच करीन."

आम्ही चौघी शनिवारी एकेक प्रकरण वाचून जमतो. वाचताना कोणते मूल आठवले ते सांगायचे, पण नाव घ्यायचे नाही. बालशिक्षणावरची जुनी मराठी पुस्तके आपल्या घरी पडून असतील तर अवश्य पाठवा. आमच्या कपाटात सध्या अकराच आहेत.